हौशी डिजिटल कला : सामायिक संपदेचे अर्थशास्त्र

छंद म्हणून संगणकावर चित्रे काढणारा किंवा ॲनिमेशन करणारा कलाकार केवळ तयार कलाकृती इतरांना दाखवून थांबत नाही. आपण घडविलेले ब्रश, पृष्ठभागांचे पोत, पात्रांची त्रिमितीय प्रारूपे आणि पात्राची चाल सहज कशी वठवावी यासंबंधीच्या सूचनाही तो अनेकदा विनामूल्य देतो. श्रमाने निर्माण केलेली वस्तू मोबदल्याविना देण्याचे हे वर्तन बाजाराच्या रूढ तर्कात बसत नाही. त्यामागील अर्थशास्त्र व कायदा समजून घेणे म्हणूनच उपयुक्त ठरेल.

अप्रतिस्पर्धी वस्तू

गायरानावर एकाची गुरे चरली की दुसऱ्याच्या गुरांसाठी गवत कमी उरते. ब्रशची फाइल मात्र हजार जणांनी घेतली तरी मूळ फाइल घटत नाही. अशा वस्तूला अप्रतिस्पर्धी वस्तू म्हणतात. पॉल रोमर यांनी १९९० मध्ये मांडलेल्या वृद्धी सिद्धांताचा हाच पाया होता; २०१८ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पहिली प्रत घडविण्यास श्रम पडतात, पुढील प्रतींचा खर्च जवळजवळ शून्य असतो. त्यामुळे येथे धोका अतिवापराचा नसून अपुऱ्या निर्मितीचा आहे: सर्वांनी केवळ घेतले, तर देणार कोण?

ब्लेंडरचा अनुभव

या प्रश्नाचे एक उत्तर ‘ब्लेंडर’ या त्रिमितीय ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरने दिले. ते विकसित करणारी नेदरलँड्समधील कंपनी २००२ मध्ये बंद पडली. टॉन रूझेनडाल यांनी लोकांकडून निधी उभारण्याचे आवाहन केले आणि सात आठवड्यांत १ लाख युरो जमले. १३ ऑक्टोबर २००२ रोजी हे सॉफ्टवेअर मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुले झाले. २००६ च्या ‘एलिफंट्स ड्रीम’ या लघुपटासोबत त्याच्या निर्मितीच्या मूळ फाइलीही देण्यात आल्या. ब्लेंडरवर तयार झालेल्या ‘फ्लो’ या लाटव्हियाच्या चित्रपटास मार्च २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. हौशी कलावंत व लघुनिर्मात्यांच्या हाती व्यावसायिक दर्जाचे साधन आले, ते सामायिक मालकीच्या या व्यवस्थेमुळे.

भारतीय कायद्याची चौकट

‘विनामूल्य’ म्हणजे ‘नियमविरहित’ नव्हे. स्वामित्वहक्क अधिनियम, १९५७ नुसार कलाकृती निर्माण होताच तिच्यावर हक्क निर्माण होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. चित्राच्या बाबतीत तो कलावंताच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. कल्पनेवर मात्र असा हक्क नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद प्रकरणात १९७८ मध्ये स्पष्ट केले. म्हणजेच ॲनिमेशनची क्लृप्ती कोणीही वापरू शकतो. ती शिकविणारी चित्रफीत मात्र संरक्षित असते.

येथेच हौशी कलाकाराची गफलत होते. ‘हवे तसे वापरा’ एवढेच सांगून तो फाइल देतो. परंतु कलम ३० अन्वये परवाना लेखी असावा लागतो. कलम १९ व ३०-क एकत्र वाचता, मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षांची व क्षेत्र नमूद नसल्यास ते भारतापुरते मानले जाते. त्या पोतावर आपला लघुपट उभारणाऱ्या विद्यार्थ्यापुढे सहाव्या वर्षी अडचण उभी राहू शकते.

परवाना हीच नियमावली

क्रिएटिव्ह कॉमन्सने डिसेंबर २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रमाण परवान्यांनी ही उणीव भरून काढली. श्रेयनिर्देश, अव्यावसायिक वापर, फेरबदलास मनाई आणि ‘त्याच अटींवर पुढे द्या’ या चार अटींच्या जुळणीतून कलाकार आपली निवड करतो. मुदत व क्षेत्र यांचा त्यांत स्पष्ट उल्लेख असतो. मात्र एकदा दिलेला असा परवाना मागे घेता येत नाही. निवड विचारपूर्वक करावी लागते. सामायिक संपदा टिकते ती वापरकर्त्यांनीच मान्य केलेल्या नियमांमुळे, हा २००९ च्या नोबेल मानकरी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचा निष्कर्ष येथेही लागू पडतो. श्रेयनिर्देशाची अट तर देणाऱ्याला नावलौकिकाच्या रूपाने मोबदलाच मिळवून देते.

भारतासाठी महत्त्व

ॲनिमेशन, दृश्य परिणाम, गेमिंग व कॉमिक्स या क्षेत्रासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये कृती दल नेमले. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने ब्लेंडरसारख्या मुक्त साधनांचे धडे उपलब्ध केले आहेत. महागडे सॉफ्टवेअर न परवडणाऱ्या लहान गावातील विद्यार्थ्यासाठी अशी सामायिक संपदा हीच पहिली कार्यशाळा ठरते. तिचे दार उघडे ठेवायचे, तर देणाऱ्याने फाइलीसोबत परवान्याच्या दोन ओळी लिहिणे आणि घेणाऱ्याने त्या वाचणे, एवढी शिस्त दोघांनीही अंगी बाणवली पाहिजे.