जमत नाही, की कधी केलंच नाही?

ऐंशीच्या आजींना "तुम्हाला काही अपंगत्व आहे का?" असं विचारलं तर बहुधा उत्तर येतं, "छे, वयाप्रमाणे चाललंय." गुडघे धरलेले असतात, ऐकू कमी येतं, पण त्यांच्या लेखी ते म्हातारपण. म्हणून वृद्धांच्या पाहणीत अपंगत्व हा शब्द शक्यतो उच्चारायचाच नाही, रोजच्या कामांबद्दल विचारायचं.

ही कामं दोन गटांत येतात. पहिला गट देहधर्माचा: अंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, अंथरुणातून उठणं, जेवणं. अमेरिकेत क्लीव्हलँडचे डॉक्टर सिडनी कॅट्झ यांनी 1963 मध्ये याची मोजपट्टी मांडली. त्यांच्या लक्षात आलं की या क्षमता साधारण ठरावीक क्रमाने जातात. अंघोळ आधी सुटते, हाताने जेवणं सर्वांत शेवटी.

दुसरा गट संसाराचा: स्वयंपाक, बाजारहाट, पैशांचा हिशेब, फोन लावणं, वेळेवर औषधं घेणं. खरी पंचाईत इथे. ज्या आजोबांनी जन्मात गॅस पेटवला नाही, त्यांना "स्वयंपाक करताना अडचण येते का?" असं विचारून काय कळणार? 'मला येत नाही' हे उत्तर तसंच नोंदवलं तर धडधाकट माणूस परावलंबी ठरतो. लॉटन आणि ब्रॉडी यांच्या 1969 च्या मूळ मोजपट्टीत यावर सरळसोट तोड होती: बायकांना आठ कामांवर गुण, पुरुषांना पाचच. स्वयंपाक, घरकाम आणि धुणं पुरुषांच्या यादीतून गाळलेलं! आताची पद्धत बरी. 'करत नाही' म्हटलं की पुढचा प्रश्न येतो: तब्येतीमुळे किंवा विसरण्यामुळे करत नाही का? नाही म्हटलं तर ती अडचण धरायची नाही. अर्थात हा उपप्रश्न विचारणाऱ्याने कंटाळून गाळला, तर मोजपट्टी कितीही चांगली असून उपयोग नाही.

आपल्याकडे देवनारच्या लोकसंख्या विज्ञान संस्थेने 2017-18 मध्ये 'लासी' या पाहणीच्या पहिल्या फेरीत पंचेचाळिशीपुढच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या, अशा 72 हजारांहून अधिक लोकांच्या मुलाखती घेतल्या. तीन महिन्यांत बरी होईल अशी अडचण सांगू नका, असं त्यात आधीच बजावलं जातं. नाहीतर मुरगळलेला पायही आकड्यात शिरतो. शिवाय निव्वळ तोंडी उत्तरावर भिस्त ठेवलेली नाही. मुठीची पकड यंत्रावर मोजली, चार मीटर चालायला लावून वेळ घेतली. साठीपुढच्यांपैकी सुमारे 24 टक्क्यांना पहिल्या गटातल्या एका तरी कामात अडचण होती, दुसऱ्या गटात हेच प्रमाण सुमारे 48 टक्के. दुसऱ्या आकड्यात पुरुषांचं न केलेलं काम किती मिसळलंय, ही शंका मात्र वाचताना मनात ठेवावी.

अडचण मोजली म्हणजे काळजीची गरज मोजली असं नाही. अंघोळीला त्रास होतो, पण न्हाणीघरात धरायला दांडी आहे, अशा माणसाला कदाचित कोणी लागणारही नाही. म्हणून पुढे विचारावं लागतं: मदत कोण करतं, किती वेळ, आणि ती पुरते का? जपानमध्ये 2000 पासूनच्या काळजी-विम्यात तर घरी येणारा तपासनीस 74 बाबी विचारतो आणि त्यावरून रोज किती मिनिटांची सेवा लागेल याचा अंदाज बांधतात. आपल्या घरांत 'मदत पुरते का?' या प्रश्नाला सुनेसमोर "सगळे करतात हो माझं" हेच उत्तर मिळतं, म्हणून तो शक्यतो एकट्यात विचारायचा. आजींना स्मृतिभ्रंश असेल तर मात्र सुनेलाच विचारावं लागतं, आणि रात्रीतून तीनदा उठणारी सून तीच अडचण बरीच मोठी सांगते.