दिवसाला 8,43,750 हाका

राउटर चालू झाला की सगळ्यात आधी स्वतःचं नाव सांगायला लागतो. घरात कुणी जागं असो की नसो, दर 102.4 मिलिसेकंदांनी तो 'मी इथे आहे' अशी एक हाक हवेत सोडतो. सेकंदाला जवळजवळ दहा, दिवसाला 8,43,750, वर्षाला 30 कोटी 79 लाखांच्या वर. 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ असे दोन्ही पट्टे चालू असतील तर हा हिशेब दुप्पट. फोनवर वायफायची जी यादी दिसते ती या हाकांचीच.

मिरजोळे हे रत्नागिरी शहराला लागून असलेलं गाव. एमआयडीसी इथलीच, विमानतळही इथलाच. आता चिऱ्याच्या घरांतही खिडकीच्या चौकटीला भोक पाडून फायबर आत आलेलं दिसतं. केबलवाला डबा टांगतो, फोनवर यूट्यूब लावून दाखवतो आणि जातो. पुढची चार-दोन वर्षं त्या डब्याच्या सेटिंग्जना कुणी हात लावत नाही. मला ते फार खटकतं. डब्याच्या आत कोटींच्या, कोटी-कोटींच्या घरातले आकडे फिरत असतात आणि त्यातले बरेचसे आपल्या हातात असलेल्या चार-पाच गोष्टींनी हलतात. एक अक्षर वाढवलं की काहीतरी 26 पट होतं, एक भिंत मधून काढली की दहापट.

नावापासूनच सुरुवात करू. वायफायच्या नावाला 32 बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीत प्रत्येक चिन्हाला तीन लागतात, काना-वेलांटीलाही तीनच. 'मिरजोळे' लिहायला म, वेलांटी, र, ज, ओकार, ळ आणि मात्रा अशी सात चिन्हं, म्हणजे 21 बाइट. एक जागा सोडून 'घर' जोडलं तर 28. 'मिरजोळे रत्नागिरी' मात्र 49 वर जातं, ते राउटर घेणार नाही. नाव मराठीत ठेवता येतं, आणि ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

आता ही हाक पोचते कशी ते पाहा. घरगुती राउटर साधारण 100 मिलिवॅटने, म्हणजे एका वॅटच्या दहाव्या भागाने बोलतो. ती शक्ती चहूकडे पसरते. मध्ये काहीही नसताना दहा मीटरवर 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यात फोनच्या वाट्याला येते ती 10 लाखांतला एक भाग. हे मोकळ्या अंगणातलं झालं. भिंतींचा हिशेब डेसिबलमध्ये होतो आणि 10 डेसिबल गेले म्हणजे दहाचा एकच भाग उरला. चिऱ्याची एक जाड भिंत 10 डेसिबल खाते असं धरलं, तर पहिल्या भिंतीपलीकडे एक कोटीतला एक भाग, दुसरीपलीकडे 10 कोटींतला, तिसरीपलीकडे 100 कोटींतला. आणखी एक आडवी आली की 1,000 कोटींतला एक. आणि तेवढ्यावरही फोन चालतो! रडतखडत चालतो, पण व्हॉट्सअॅपचा निरोप येतो. त्या वेळी त्याच्या अँटेनाला मिळत असतात वॅटच्या एक लाख कोटीव्या भागाचे दहा भाग. एवढ्याशा शक्तीवर 5 वॅटचा एक एलईडी दिवा लावायचा म्हटलं तर 50 हजार कोटी फोनांनी झेललेलं सगळं एकत्र करावं लागेल. पृथ्वीवरच्या प्रत्येक माणसाकडे साठ फोन दिले तरी ते पुरे पडणार नाहीत.

चिरा जांभ्याचा, आणि जांभा सच्छिद्र दगड. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि श्रावणापर्यंत भिंती पाणी पिऊन बसलेल्या असतात. पाणी या लहरी शोषतं, त्यामुळे मे महिन्यात मागच्या खोलीत येणारी रेंज जुलैत गळते. लोक केबलवाल्याला फोन करतात. त्याच्याकडे सगळं ठीकच दिसतं, कारण त्याचा संबंध डब्यापर्यंतच्या तारेशी. डब्यापासून पुढचं अंतर पाहणं आपलं काम आहे.

तार पडवीच्या बाजूने आत येते म्हणून डबा पडवीतच मीटरच्या शेजारी लटकतो. तिथून माजघर, स्वयंपाकघर, मागची खोली असं जाताना एकेक भिंत दहादहापट कापत जाते. डबा माजघरात आणला आणि मधल्या दोन भिंती वाचल्या, की मागच्या खोलीत शंभरपट शक्ती पोचते. याची तुलना राउटरचा जोर वाढवण्याशी करा. 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्यात आपल्याकडे परवान्याशिवाय अँटेनाचा फायदा धरून जास्तीत जास्त 4 वॅटची मुभा आहे. 100 मिलिवॅटवरून थेट त्या टोकाला गेलं तरी वाढ चाळीसपटच. शिवाय फोनचा आवाज त्याने मोठा होत नाही, आणि बोलणं तर दोन्हीकडून व्हावं लागतं. म्हणून मोठ्या अँटेनांचा महागडा राउटर आणण्याआधी पंधरा मीटर लॅन केबल आणावी. ती 100 मीटरपर्यंत बिनतक्रार चालते. डबा उंचावर ठेवावा; लोखंडी कपाट, फ्रीज आणि पत्रा यांच्या आडोशाला मुळीच नको.

5 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वेग जास्त, पण त्याच अंतरावर हाती लागणारी शक्ती 2.4 च्या मानाने साडेचारपट कमी, आणि भिंतही त्याला जास्त अडवते. डबा असलेल्या खोलीत 5 वापरावा, परड्यातल्या कॅमेऱ्याला 2.4.

2.4 च्या पट्ट्यात आपल्याकडे 13 चॅनेल दिसतात, पण दोन चॅनेलमधलं अंतर 5 मेगाहर्ट्झ आणि एका राउटरला लागणारी रुंदी 20. म्हणून एकमेकांत न घुसणारे चॅनेल तीनच धरतात: 1, 6 आणि 11. वाडीतल्या घरांनी यातले वाटून घ्यावेत. शेजारी 6 वर असेल तर 4 किंवा 8 निवडणं सगळ्यात वाईट. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांचं ऐकून थांबतात. अर्धवट घुसलेल्यांना एकमेकांचा नुसता गोंगाट ऐकू येतो.

हे थांबणंही पाहण्यासारखं आहे. बोलण्याआधी प्रत्येक यंत्र ऐकतं, आणि हवा मोकळी असली तरी 9 मायक्रोसेकंदांच्या मापाने काही मापं थांबतं. किती, ते दर वेळी नव्याने मनात ठरवतं, म्हणजे दोघं एकदम बोलायला जात नाहीत. 9 मायक्रोसेकंदांत प्रकाश 2.7 किलोमीटर जातो. गणपतीत चाकरमानी आले की चार फोनांचे पंचवीस होतात. पत्ते कमी पडत नाहीत, 192.168.1.2 पासून 254 पर्यंत 253 जागा असतात. कमी पडते ती वेळ. 1,500 बाइटचं एक पाकीट डब्यापाशी बसलेला फोन 600 मेगाबिटच्या वेगाने 20 मायक्रोसेकंदांत उचलतो. मागच्या पडवीत 6 मेगाबिटवर घुटमळणाऱ्या फोनला त्याच पाकिटाला 2,000 मायक्रोसेकंद लागतात. तेवढा वेळ बाकीचे गप्प. एका लांबच्या फोनने शंभर जणांची जागा खाल्ली. अशा वेळी मागे एक दुसरा ॲक्सेस पॉइंट तारेने जोडून ठेवला तर सगळ्या घराचा वेग सुधारतो.

डब्यात येणाऱ्या तारेत तर मापंच बदलतात. काचेचा जो गाभा प्रकाश वाहून नेतो तो 9 मायक्रोमीटर जाड, केसाच्या साधारण आठव्या भागाएवढा. त्यातून जाणारा प्रकाश सेकंदाला 201 लाख कोटी वेळा कंप पावतो. भारतात सर्रास दिसणाऱ्या जीपॉन पद्धतीत एक तार वाटेत फाटे फुटून 64 घरांपर्यंत वाटली जाते आणि तिच्यातून सेकंदाला 248 कोटी 80 लाख बिट्स येतात. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. भागाकार केला की एका बिटची लांबी निघते: 8 सेंटिमीटर. खरोखर मोजता येईल अशी! तार जिथून येते ते केंद्र पाच किलोमीटरवर असेल, तर कुठल्याही क्षणी तेवढ्या काचेत 62,500 बिट्स एकामागोमाग धावत असतात. मराठीत 2,600 चिन्हं, म्हणजे छापील दीड-दोन पानांचा मजकूर. 64 घरांचं सगळं प्रत्येक घरापर्यंत येतं आणि आपला डबा आपल्यापुरतं उचलून बाकीचं सोडून देतो.

15 ऑगस्ट 1995 ला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा वेग होता सेकंदाला 9,600 बिट्स. त्या वेगाचा एक बिट याच काचेत सोडला असता तर त्याची लांबी जवळजवळ 21 किलोमीटर भरली असती. रत्नागिरीतून निघून पावस ओलांडेल एवढा एक बिट, आणि आता तो टिचभरही नाही.

पत्त्यांचं गणित मी थोडक्यात सांगतो. जुन्या पद्धतीचे, आयपीव्ही4 चे, एकूण पत्ते 4,29,49,67,296. जगाची लोकसंख्या 800 कोटींच्या वर. वाटणाऱ्या मध्यवर्ती संस्थेकडचा साठा 3 फेब्रुवारी 2011 ला संपला. म्हणून 192.168 ने सुरू होणारे तेच ते पत्ते मिरजोळ्यातही आणि मँचेस्टरमध्येही घराघरांत वापरतात. कित्येकदा तर बाहेरचा पत्ताही अनेक घरांत मिळून एकच असतो. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा पत्ता 100.64 ते 100.127 यांपैकी काही दिसला तर समजावं की तो सामायिक आहे. मग मुंबईत बसून कलमांच्या बागेतला कॅमेरा थेट उघडायचा प्रयत्न फसतो, पोर्ट कितीही उघडले तरी. उपाय आयपीव्ही6 हा आहे, आणि तो बऱ्याच राउटरांत एका खुणेवर चालू होतो. त्यात एका घराच्या एका जाळ्याला मिळतात 1 लाख 84 हजार कोटी कोटी पत्ते. समुद्र धरून अख्ख्या पृथ्वीच्या पाठीवर ते पसरले तर दर चौरस मीटरला 36 हजार येतील. हे एका घराचे.

पासवर्डाकडे मात्र थांबून पाहायला हवं. 26 जुलै 2008 ला अहमदाबादेत स्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी गेलेल्या धमकीच्या ईमेलचा माग लागला तो नवी मुंबईत सानपाड्यातल्या एका घरापर्यंत. घरमालकाचं वायफाय उघडं होतं, ईमेल दुसऱ्याच कुणी पाठवला होता. पुढच्या महिन्यांत माटुंगा आणि चेंबूर इथलीही जाळी तशीच वापरली गेली. जानेवारी 2009 मध्ये मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय जाळी शोधत रस्त्यांवर फिरायला सुरुवात केली. पोलीस दाराशी येतात ते आयपी पत्ता ज्याच्या नावावर आहे त्याच्या.

आज वायफाय उघडं कुणी ठेवत नाही. पासवर्ड असतो, पण तो बहुधा घरातल्या कुणाचा तरी मोबाइल नंबर. भारतातले मोबाइल नंबर दहा आकडी, सुरुवात 6, 7, 8 किंवा 9 ने. म्हणजे जास्तीत जास्त 400 कोटी शक्यता. डब्ल्यूपीए2 पद्धतीत फोन जोडला जाताना हवेत जी देवाणघेवाण होते ती एकदा टिपली, की चोराला घरापाशी थांबावं लागत नाही. तो आपल्या जागी बसून एकेक पासवर्ड ताडून पाहतो. हे काम मुद्दाम जड केलेलं आहे. प्रत्येक अंदाज 4,096 वेळा घुसळावा लागतो. तरीही 2022 मध्ये आलेलं आरटीएक्स 4090 हे एक ग्राफिक्स कार्ड सेकंदाला सुमारे 25 लाख अंदाज तपासतं. 400 कोटी भागिले 25 लाख, म्हणजे 1,600 सेकंद. भारतातले सगळे मोबाइल नंबर 27 मिनिटांत तपासून संपतात. आठ आकड्यांची जन्मतारीख असेल तर 40 सेकंदसुद्धा लागत नाहीत.

आता आकड्यांऐवजी इंग्रजी लहान अक्षरं घ्या, आणि अर्थ असलेला शब्द नको, कुठलीही अक्षरं. आठ अक्षरांना त्याच कार्डाला 23 तास लागतात. बारा अक्षरांना 1,200 वर्षं. चौदा केली तर 8 लाख वर्षं, पंधरा केली तर 2 कोटी 13 लाख. सोळा अक्षरांना 55 कोटी वर्षं. मिरजोळ्याच्या जांभ्याखालचा काळा कातळ लाव्हारसातून तयार झाला त्याला सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षं झाली, त्याच्या आठपट. मोबाइल नंबरापेक्षा फक्त सहा अक्षरं जास्त टंकायची. अक्षरं आपल्या मनाने निवडू नयेत, मन नेहमी ओळखीच्या शब्दाकडे जातं. 26 चिठ्ठ्या कराव्यात, पोरांकडून एकेक काढून लिहून घ्यावी, ती परत बाकीच्या चिठ्ठ्यांत टाकून हलवावं, असं सोळा वेळा. राउटरला डब्ल्यूपीए3 येत असेल तर तेही लावावं. त्यात घरी बसून ताडणं चालत नाही, प्रत्येक अंदाजाला राउटरलाच विचारावं लागतं.

एवढं करूनही दोन दारं उघडी राहतात. एक, राउटरच्या सेटिंग्जमध्ये शिरायचा पासवर्ड, जो कित्येक ठिकाणी अजून ॲडमिन-ॲडमिन असतो. तिथे शक्यता एकच, आणि ती सगळ्यांना पाठ. तो पहिल्याच दिवशी बदलायचा. दुसरं डब्ल्यूपीएस. बटण दाबून किंवा आठ आकडी पिनने जोडायची ही सोय. आठ आकडे म्हणजे 10 कोटी शक्यता असं वाटतं, पण शेवटचा आकडा नुसता पडताळणीचा, आणि राउटर पहिले चार आकडे वेगळे तपासून बरोबर की चूक ते सांगून टाकतो. मग पहिल्या भागाला 10,000 आणि दुसऱ्याला 1,000, एकूण 11,000. ही फट डिसेंबर 2011 मध्ये जाहीर झाली. एका प्रयत्नाला दोन सेकंद धरले तर सहा तासांत काम होतं, तुमचा सोळा अक्षरी पासवर्ड न विचारता. काही राउटर चार-पाच चुकांनंतर दार लावून घेतात, सगळे नाही. वायरलेसच्या पानावर डब्ल्यूपीएसची खूण काढायची, सेव्ह करायचं आणि राउटर एकदा बंद करून चालू करून ती खूण परत आली नाही ना ते पाहायचं.