क्रॅनबेरी आणि करवंद

क्रॅनबेरी हे उत्तर अमेरिकेच्या दलदलीत जमिनीलगत वेलीसारखे पसरणारे सदाहरित झुडूप होय. त्याची तांबडी, आंबट फळे तेथील मूळ रहिवासी पूर्वापार रानातून वेचीत. लागवडीचा मार्ग मात्र एका साध्या निरीक्षणाने उघडला. इ. स. १८१६ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स राज्यातील डेनिस गावी हेन्री हॉल यांना असे दिसले की, वाऱ्याने उडून आलेली वाळू ज्या झुडपांवर पसरते ती अधिक जोमाने वाढतात. वाळूखाली दबलेल्या फांद्यांना नवी मुळे फुटतात. म्हणून आजही मळ्यांत अधूनमधून वाळूचा पातळ थर देतात. फळात हवेचे चार कप्पे असतात. त्यामुळे तोडणीच्या वेळी मळ्यात पाणी सोडून झुडपे हलविली की फळे तरंगू लागतात आणि ती गोळा करणे सुलभ होते.

आम्लधर्मी माती व थंड हिवाळा यांवाचून हे पीक साधत नाही. आपल्याकडे तसेच आंबट रानफळ म्हणजे करवंद. राजस्थानात त्यालाच करौंदा म्हणतात. ते कण्हेरीच्या कुळातील असून कोरड्या, खडकाळ जमिनीतही तग धरते. सह्याद्रीत ते अजून बहुधा रानातूनच वेचले जाते. तथापि दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण बोल्ड’ हे वाण लागवडीसाठी दिले आहे. रानफळाचे पीक होते, ते अशाच डोळस निरीक्षणाने.