सशाची लेंडी पाहा, सशाचं पोट ओळखा



गाय आजारी पडली की रवंथ थांबवते, शेळी आजारी पडली की कळपामागे रेंगाळते. ससा मात्र आपलं दुखणं लपवतो. मुलांच्या हौसेखातर आणलेला ससा संध्याकाळी कोपऱ्यात गप्प बसलेला असतो आणि सकाळी मेलेला सापडतो. ‘अचानक मेला’ असं आपण म्हणतो. पण बहुतेक वेळा पोटानं आधी खूण दिलेली असते, ती आपल्या नजरेतून सुटते. ती कशी ओळखावी हे या पत्रकात सांगितले आहे.

पोट कसं चालतं?

ससा रवंथ करीत नाही आणि त्याला उलटीही करता येत नाही. खाल्लेलं पुढेच सरकलं पाहिजे. त्याच्या लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यावर एक मोठी पिशवी असते. तिथे उपयोगी जंतू चारा आंबवतात. गवतातले जाड तंतू आतड्याला हलतं ठेवतात. गवत कमी आणि धान्य, पीठ, बिस्किटं जास्त झाली की आतडं मंदावतं, पिशवीतले जंतू बिघडतात, वायू धरतो, पोट दुखतं. दुखतं म्हणून ससा खात नाही, आणि खात नाही म्हणून आतडं आणखी मंदावतं. हा फेरा वेळेवर तोडला नाही तर एक-दोन दिवसांत ससा दगावतो.

रोज सकाळी काय पाहावे?

पिंजरा झाडण्याआधी लेंड्या पाहा. मोठ्या सशाच्या दिवसाकाठी शे-दोनशे लेंड्या पडतात, कधी जास्तही. त्या गोल, कोरड्या, साधारण हरभऱ्याएवढ्या असाव्यात. बोटांनी चुरली तर आत गवताचा भुसा दिसावा. लेंड्या बारीक, काळपट, कडक झाल्या किंवा केसांनी माळेसारख्या जोडल्या गेल्या, तर गवत-पाणी कमी पडतंय असं समजा.

दुसऱ्या प्रकारची लेंडीही असते, बरं का! ती मऊ, चकचकीत, द्राक्षाच्या लहानशा घडासारखी असते. रात्री किंवा पहाटे ससा ती थेट तोंडात घेऊन गिळतो. ही घाणेरडी खोड नव्हे. त्यातून त्याला प्रथिनं आणि ब जीवनसत्त्वं मिळतात, म्हणून त्याला अडवू नका. मात्र ही मऊ लेंडी रोज तशीच पडून राहू लागली, तर खुराक कमी करून गवत वाढवा. लठ्ठ किंवा दुखणाईत सशाला ती घेण्यासाठी वाकता येत नाही, हेही ध्यानात ठेवा.

लेंड्यांबरोबर आणखी तीन गोष्टी पाहा: रात्रीचं गवत संपलं का, पाणी उतरलं का, आणि शेपटीखाली घाण चिकटली आहे का. आठवड्यातून एकदा ससा तराजूवर ठेवा आणि वजन वहीत लिहा. डोळ्यांना न दिसणारी उतरण वही दाखवते.

धोक्याची खूण

दहा-बारा तास ससा खात नाही किंवा लेंडी टाकत नाही, पाठ कमान करून बसतो, दात करकर वाजवतो, पोट ढोलासारखं ताठ लागतं, यातलं काहीही दिसलं तर उद्यावर ढकलू नका. पाण्यासारखी हगवणही तितकीच घातक आहे. एक ते तीन महिन्यांच्या पिलांत ती अनेकदा कॉक्सिडिओसिस या रोगामुळे होते. ओला, घाणेरडा पिंजरा हे त्या रोगाचं माहेरघर.

अशा वेळी ससा शांत, सावलीच्या जागी ठेवा. थंडी असेल तर ऊब द्या. समोर ताजं गवत आणि पाणी ठेवा, पण तोंडात बळेच ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. गाई-म्हशींचं उरलेलं औषध देऊ नका. तोंडावाटे दिलेल्या ॲम्पिसिलीन, अमॉक्सिसिलीन यांसारख्या औषधांनी सशाच्या पोटातले चांगले जंतू मरतात आणि ससाही दगावू शकतो. लगेच पशुवैद्यकाकडे न्या. सोबत ताज्या लेंड्या कागदात बांधून घ्या आणि ससा शेवटचा केव्हा खाल्ला, हे सांगा.

आजार येऊच नये म्हणून

वाळलेलं, स्वच्छ गवत चोवीस तास समोर असू द्या. बुरशी धरलेला चारा उकिरड्यावर टाका. खुराक दिलाच तर मोठ्या सशाला वजनाच्या किलोमागे २५ ग्रॅमपेक्षा जास्त नको. चारा बदलायचा तर सात ते दहा दिवसांत थोडा-थोडा बदला. सशाचे दात जन्मभर वाढतात. गवत चावूनच ते झिजतात. दात वाढले की खाणं थांबतं आणि मग पोटही बिघडतं. उन्हाळ्यात पाणी दोनदा बदला आणि पिंजऱ्यावर ओलं गोणपाट टाका.

मंडळी, या कामाला पैसा लागत नाही, सकाळची पाच मिनिटं लागतात. घरातल्या मुलांवरच हे काम सोपवा. लेंड्या पाहणारं पोर आपला ससा तर वाचवीलच, पण उद्या गोठ्यातल्या जनावराचं दुखणंही लवकर ओळखील.