ड्रोनच्या निर्यातीचे नियम आणि आपला ऊस



उंच वाढलेल्या उसात माणूस शिरत नाही, तिथे औषधाची टाकी घेऊन ड्रोन वरून जातो. पण “सुटा भाग लवकर का मिळत नाही?” असे सभासद विचारतात. त्यामागचे एक कारण परदेशातल्या निर्यात-नियमांत आहे.

साखरेचे उदाहरण घ्या. १ जून २०२२ पासून केंद्राने साखर निर्यात ‘मुक्त’ गटातून ‘मर्यादित’ गटात टाकली. परवानगीशिवाय पोते बाहेर जाईना. ड्रोनचेही तसेच, फक्त कारण वेगळे. साखर देशाला पुरावी म्हणून अडवली. ड्रोन अडवतात तो लढाईत वापरला जाऊ नये म्हणून. औषधाची टाकी उचलणारे यंत्र बॉम्बही उचलते, हे युक्रेनच्या युद्धात दिसले.

या धंद्यात चीन सर्वांत मोठा. त्याने १ सप्टेंबर २०२३ पासून ड्रोनची काही इंजिने, लेसर व संदेशवहन उपकरणे यांना परवाना लावला. १ सप्टेंबर २०२४ पासून काही साध्या ड्रोनांवरचे तात्पुरते बंधन उठवले. मात्र लष्करी वापरासाठी जाणार हे ठाऊक असेल, तर कोणताही नागरी ड्रोन पाठवायला बंदी केली.

आपल्याकडे उलट सैलपणा आला. पूर्वी नागरी ड्रोनच्या निर्यातीस दर वेळी ‘स्कोमेट’ परवाना लागे. २३ जून २०२३ पासून २५ किलोमीटरपर्यंत पल्ला व २५ किलोपर्यंत भार असलेल्या, यादीच्या कडक कलमांत न बसणाऱ्या नागरी ड्रोनांना एकच सर्वसाधारण परवानगी तीन वर्षे चालते. माल गेल्यावर कळवावे मात्र लागते. शिरोली, गोकुळ शिरगावच्या यंत्रशाळांत घडणाऱ्या आपल्या मुलांनी हे ध्यानात ठेवावे.

मग आपल्याला काय त्याचं? ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार परदेशी ड्रोन आणण्यास बंदी झाली. संशोधन, संरक्षण व सुरक्षा एवढाच अपवाद. सुट्या भागांना ती बंदी नाही. म्हणजे यंत्र इथे जोडलेले, पण आतला भाग बाहेरचा असू शकतो. तिकडे नियम फिरला की खोळंबा आपल्या बांधावर.

म्हणून ड्रोन घेताना प्रकार-प्रमाणपत्र, नोंदणी क्रमांक व चालकाचे प्रमाणपत्र पाहावेच. शिवाय कोणता भाग कुठला आणि तो किती दिवसांत मिळेल, हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे. तोंडी शब्दावर पैसे मोजू नयेत, ही आमची विनंती.