लॉगरिथम फलन, संगणक कार्यक्रमणातील
ठराविक आधारांकाचा जितका घात केला असता एखादी धन संख्या मिळते, तो घातांक म्हणजे त्या संख्येचा लॉगरिथम होय. उदा., १०³ = १,००० म्हणून १० या आधारांकास १,००० चा लॉगरिथम ३ आहे. जॉन नेपिअर यांनी १६१४ मध्ये लॉगरिथमाची कोष्टके प्रसिद्ध केली. १० हा आधारांक हेन्री ब्रिग्ज यांनी रूढ केला. गणनयंत्रांमुळे कोष्टके मागे पडली. तथापि हे फलन बहुतेक सर्व संगणकीय भाषांत अंतर्भूत असते.

आधारांक : शालेय गणितात ‘लॉग’ म्हणजे सामान्यतः १० आधारांकाचा लॉगरिथम. याउलट फोर्ट्रान, बेसिक, सी व पायथॉन या भाषांत ‘लॉग’ हे फलन नैसर्गिक म्हणजे ई (सु. २.७१८२८) या आधारांकाचे असते. पास्काल भाषेत त्याचे नाव ‘एलएन’ असे आहे. त्यामुळे १,००० करिता ३ ऐवजी सु. ६.९०७७६ हे उत्तर येते. संगणक चूक दर्शवीत नाही, कारण त्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नसते. इष्ट आधारांकाचा लॉगरिथम हवा असल्यास संख्येच्या नैसर्गिक लॉगरिथमास आधारांकाच्या नैसर्गिक लॉगरिथमाने भागतात.

मर्यादा : शून्य व ऋण संख्या यांना वास्तव लॉगरिथम नसतो, म्हणून फलन वापरण्यापूर्वी संख्या धन असल्याची खात्री करणे आवश्यक असते. दुसरी अडचण अधिक सूक्ष्म आहे. संगणक अपूर्णांक मर्यादित द्विमान अंकांत साठवितो. वरील भागाकाराने १,००० चा लॉगरिथम काढल्यास ६४ बिटांच्या नेहमीच्या अंकनात ३ ऐवजी २.९९९९९९९९९९९९९९९६ मिळतो. अंकांची संख्या काढण्यासाठी त्याचा पूर्णांक भाग घेऊन १ मिळविल्यास ४ ऐवजी ३ येतात. अशा वेळी ‘लॉग१०’ हे स्वतंत्र फलन वापरावे किंवा संख्येस १० ने पुनःपुन्हा भागून अंक मोजावेत.

उपयोग : गुणाकाराचे बेरजेत रूपांतर होत असल्याने फार मोठ्या संख्या हाताळता येतात. उपर्युक्त अंकनात १७० चा क्रमगुणित मावतो, १७१ चा मावत नाही; परंतु १ ते १,००० या संख्यांच्या १० आधारांकी लॉगरिथमांची बेरीज सु. २,५६७.६ येते व त्यावरून १,००० च्या क्रमगुणितात २,५६८ अंक असल्याचे समजते. द. सा. द. शे. ८ या चक्रवाढ व्याजाने मुद्दल दुप्पट होण्यास सु. ९ वर्षे लागतात, हेही २ व १.०८ यांच्या लॉगरिथमांच्या भागाकाराने काढता येते. या भागाकारात दोहोंचा आधारांक एकच असला म्हणजे पुरे. तो कोणता हे गौण ठरते.