तुला बंगळुरू, मला पुणे: नवरा-बायकोनं शहर ठरवायचं कसं?

हा आपल्या या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित भाग. ज्यांची कंपनीच्या बसमध्ये रेंज जाते किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी. बोललोय तसंच ठेवलंय, मधले 'म्हणजे बघा ना' तेवढे काढून टाकलेत.

आजचा विषय थोडा घरातला आहे. गेल्या वर्षी मला बंगळुरूची ऑफर आली. मी बीटेक, सात वर्षं सॉफ्टवेअरमध्ये, डेटाबेसच्या आतल्या भागावर काम करतो. मला ज्या प्रकारच्या टीममध्ये जायचं होतं, अगदी तीच टीम. बायको डेंटिस्ट. पुण्यात एका क्लिनिकमध्ये तिचं छान बस्तान बसलेलं. मी उड्या मारत घरी आलो आणि ती म्हणाली, "अभिनंदन. पण मी येणार नाही."

पुढचे चार महिने आम्ही काय काय केलं, काय चुकलं आणि शेवटी कसं ठरलं, ते सांगतो. यातली पद्धत तुम्हाला वापरता येईल. आमचं उत्तर मात्र जसंच्या तसं उचलू नका.

पहिली चूक: शीट

इंजिनिअर माणूस, दुसरं काय करणार? मी शीट उघडली. रकाने केले: पगार, भाडं, हवामान, ट्रॅफिक, करिअर, आई-वडील. प्रत्येकाला वजन दिलं, दहापैकी मार्क दिले. बंगळुरू ७.८, पुणे ६.४. मी म्हटलं, बघ, आकडे काय म्हणतात.

तिनं लॅपटॉप स्वतःकडे ओढला, 'करिअर'चं वजन ३० वरून १५ केलं आणि 'आई-वडील' ३० केलं. पुणे पुढे. म्हणाली, "आता बघ, आकडे काय म्हणतात."

तेव्हा हसलो आम्ही. पण रात्री ती म्हणाली ते लागलं. "तू 'करिअर' असा एकच रकाना केलास. त्यात माझं कुठे आहे?"

खरंच नव्हतं. स्कोअरची शीट वाईट नसते, पण जो रकाने पाडतो तो निम्मा निकाल आधीच लावून बसतो.

याला एक जुनं नाव आहे

गेम थिअरीमध्ये हा प्रश्न प्रसिद्ध आहे. डंकन लूस आणि हॉवर्ड रायफा यांनी १९५७ च्या त्यांच्या पुस्तकात एक जोडपं घेतलंय. त्याला बॉक्सिंगची मॅच बघायचीय, तिला बॅले. पण दोघांनाही एकट्यानं जाण्यापेक्षा सोबत जाणं जास्त आवडतं. 'बॅटल ऑफ द सेक्सेस' म्हणून हा खेळ कॉलेजात शिकवतात.

आमच्या भाषेत लिहू. दोघं बंगळुरूला: मला ३ गुण, तिला २. दोघं पुण्यात: मला २, तिला ३. दोघं वेगवेगळ्या शहरांत: दोघांनाही १. आता गंमत अशी की यात दोन स्थिर उत्तरं आहेत. दोघं बंगळुरूला असतील तर कुणालाच एकट्यानं परत यायचं नाही. दोघं पुण्यात असतील तरी तेच. दोन्ही उत्तरं गणिताच्या दृष्टीनं बरोबर, आणि यातलं कुठलं घ्यायचं हे गणित सांगत नाही.

मग खऱ्या आयुष्यात कोण जिंकतं? जो आधी हात बांधून घेतो तो. म्हणजे ज्यानं ऑफर लेटरवर सही केली, राजीनामा टाकला आणि मग घरी येऊन सांगितलं, "झालं, आता तू ठरव." समोरच्याकडे २ किंवा १ एवढंच उरतं. तो बिचारा २ घेतो. बाहेरून दिसतं की दोघांनी मिळून ठरवलं.

मी हे करायच्या बेतात होतो, खोटं कशाला बोलू. एचआरचा मेल उघडून बसलो होतो.

'बांधलेला' माणूस

दुसरी गोष्ट अर्थशास्त्रातली. जेकब मिन्सर यांनी १९७८ मध्ये कुटुंबाच्या स्थलांतरावर एक पेपर लिहिला. कुटुंब तेव्हा हलतं, जेव्हा सगळ्यांचा मिळून फायदा होतो. पण एकूण फायदा झाला म्हणजे प्रत्येकाचा झाला असं नाही. एकटा असता तर जो हललाच नसता, पण जोडीदारासाठी हलला, त्याला त्यांनी 'टाइड मूव्हर' म्हटलं. आणि एकटा असता तर गेला असता, पण जोडीदारासाठी थांबला, तो 'टाइड स्टेअर'. बांधून हललेला आणि बांधून राहिलेला.

आपल्याकडे बांधून हललेलं कोण असतं, हे सांगायला नको. सरकारच्या २०२०-२१ च्या श्रमबल सर्वेक्षणात स्थलांतरित बायकांपैकी साधारण ८७ टक्के लग्नामुळे हललेल्या आहेत.

हे वाचत असताना मला आठवलं की आमचं हे पहिलं शहर नाहीच. ती मूळची नांदेडची. लग्नाआधी तिथं एका डॉक्टरांकडे काम करायची. पेशंट तिचं नाव घेऊन यायचे. ते सोडून पुण्याला आली, कारण माझी नोकरी हिंजवडीत. पुण्यात पुन्हा शून्यापासून सुरुवात, पहिलं वर्ष जेमतेम पगार. मी ते 'लग्न झालं, मग आलीच' असं धरून चाललो होतो. तिच्या हिशोबात मात्र एक पाळी माझी होऊन गेली होती.

मेल मी बंद केला.

शहर नको, कारण सांगा

वाटाघाटींवरच्या पुस्तकांत एक गोष्ट नेहमी येते. लायब्ररीत दोघं भांडतायत. एकाला खिडकी उघडी हवी, दुसऱ्याला बंद. लायब्ररियन विचारते, का? एक म्हणतो, मोकळी हवा हवी. दुसरा म्हणतो, वाऱ्याचा झोत नको. ती शेजारच्या खोलीतली खिडकी उघडते. 'खिडकी' ही मागणी होती, कारण वेगळं होतं.

आम्ही तेच केलं. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर लिहायचं, पण शहराचं नाव घ्यायचं नाही. फक्त 'मला काय हवं' आणि 'काय अजिबात चालणार नाही'.

माझ्या कागदावर: डेटाबेसचं खोल काम. कोल्हापूरला आई-पप्पांकडे एका रात्रीत पोचता यावं.

तिच्या कागदावर: पेशंटशी थेट बोलता यावं, मध्ये दुभाष्या नको. नांदेडला सहा-सात तासांत पोचता यावं, कारण सासऱ्यांची बायपास झालीय. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात: "सहा महिने बिनकामाचं घरी बसणं चालणार नाही. पुन्हा नाही."

पुणं तिच्या कागदावर नव्हतंच. पुण्याहून नांदेड साडेचारशे किलोमीटर आहे. पुणं तिला आवडत होतं ते तिथं तिनं बूड टेकवलं होतं म्हणून.

आता हिशोब, पण दोघांचा

आधी व्हेटो, मग मार्क. हा क्रम महत्त्वाचा आहे. 'अजिबात चालणार नाही'मध्ये जे बसतं ते शहर शीटमध्ये येतच नाही, मग त्याचं हवामान कितीही छान असू दे. बंगळुरूत दवाखान्यात कन्नड लागते. ती शिकता येते, पण पहिलं वर्ष खुर्चीवर घाबरून बसलेल्या आजींशी काय बोलणार? आणि नांदेड साडेसातशे किलोमीटरच्या वर.

मग पैसे. मी फक्त माझी वाढ बघत होतो: हातात महिन्याला ४५,००० जास्त. भाडं १४,००० जास्त. राहिले ३१,०००. तिचं पुण्यातलं उत्पन्न ३८,०००. म्हणजे ती घरी आहे तोवर दर महिन्याला घर ७,००० रुपयांनी मागे. ज्याला मी 'पगारवाढ' म्हणत होतो ती पहिल्या काळात वजाबाकी होती. वर बंगळुरूचं डिपॉझिट. तिथं दहा महिन्यांचं भाडं मागायची जुनी पद्धत आहे. हल्ली बरेच मालक कमी घेतात, तरी आकडा धरूनच चाला.

काही खर्च राज्य बदललं की येतात, ते लोक विसरतात:

- डेंटिस्टची नोंदणी राज्याच्या डेंटल कौन्सिलकडे असते. राज्य बदललं की ती ट्रान्सफर करावी लागते. वकिलांची नावनोंदणीही राज्याच्या बार कौन्सिलकडे असते. जोडीदाराचा व्यवसाय असा असेल तर हे काम नोटीस पिरियडमध्येच सुरू करा.
- गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिथला नंबर घ्यावा लागतो. जुन्या आरटीओची एनओसी लागते, नव्या राज्याचा रोड टॅक्स भरावा लागतो. बीएच सिरीजचा नंबर असेल तर ही कटकट वाचते.
- नवीन शहरात पहिले दोन महिने जेवण, रिक्षा, गाद्या, पडदे यांतच जातात. त्यासाठी वेगळी रक्कम ठेवा.

तिसरं शहर

कागद शेजारी ठेवल्यावर हैदराबाद दिसलं. नांदेडच्या माणसाला ते नवीन नाहीच. १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, आणि आजही मोठ्या दवाखान्यासाठी, कॉलेजसाठी, लग्नाच्या खरेदीसाठी तिकडची माणसं हैदराबाद गाठतात. अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. देवगिरी एक्स्प्रेस नांदेडवरून सिकंदराबादला जाते. तेलुगू येत नसली तरी दख्खनी-हिंदीवर शहरात बरंचसं भागतं, म्हणजे पेशंटशी बोलता येतं. आणि मोठ्या कंपन्यांची इंजिनिअरिंग सेंटर तिथं आहेत. मायक्रोसॉफ्टचं तर १९९८ पासून. कोल्हापूरहून अंतर बंगळुरूपेक्षा फार वेगळं नाही. फक्त बंगळुरूला एनएच ४८ सरळ नेतो, हैदराबादला सोलापूरकडून फिरत जावं लागतं.

पण थांबा. 'तिसरं शहर' हा जादूचा उपाय नाही. कित्येकदा तिसरं शहर म्हणजे दोघांनाही नको असलेलं शहर. फक्त भांडण मिटवायला निवडलेलं. कसोटी एकच: दोघांच्या कागदावरची निदान पहिली दोन कारणं तिथं पूर्ण होतात का? नसतील तर त्यापेक्षा एकाच्या पसंतीचं शहर बरं. निदान घरात एक माणूस तरी खूश असतो. काही जोडपी दोन शहरांत राहतात. तेही चालतं, पण दोन भाडी आणि शुक्रवार रात्रीची तिकिटं शीटमध्ये घाला आणि संपायची तारीख ठरवा.

आम्ही मे महिन्यात आठ दिवस तिथं जाऊन राहिलो. मुद्दाम मे, म्हणजे ऊन काय आहे ते कळावं. चारमिनार बघितला नाही. मी सकाळी नऊला गच्चीबावलीकडे जाऊन आलो, ट्रॅफिक मोजला. ती तीन क्लिनिकांत जाऊन बसली. तिसऱ्या ठिकाणी एका बाईंनी दाढ दाखवत विचारलं, "डॉक्टरसाब, दुखता नक्को ना?" ती हसतच बाहेर आली. मला तिथंच कळलं.

मी काय सोडलं, आणि तारीख

बंगळुरूची ऑफर मी नाकारली. त्यांना हैदराबादहून काम करू देता का म्हणून विचारलं, ते नाही म्हणाले. तीन महिन्यांनी हैदराबादची मिळाली: वाढ ४५ ऐवजी २८ हजार. काम चांगलं आहे, पण ते काम नाही. काही रविवारी ती टीम काय करतेय हे मी अजून बघतो. बायकोला हे माहीत आहे. मी लपवत नाही आणि तिला ऐकवतही नाही.

तिची नोंदणी आणि नोकरी मिळून अडीच महिने गेले. सध्या ३०,००० मिळतात, पुण्यापेक्षा कमी. दोन वर्षांनी कदाचित बंगळुरूच पैशांत पुढे असतं. हेही खरंच आहे.

आम्ही एक गोष्ट लिहून ठेवलीय, फ्रिजवर. भाडेकरार ११ महिन्यांचा, गाडीची मुदत १२ महिन्यांची, म्हणून दहाव्या महिन्यात बसून बोलायचं. तिथं दोनच प्रश्न: तुझ्या कागदावरचं काय मिळालं? काय नाही मिळालं? आणि पुढचं शहर बदलायची वेळ आली तर पहिला शब्द कुणाचा, तेही लिहिलंय. मागची पाळी माझी होती, ही बरीचशी तिची, पुढची माझी. गेम थिअरीवालेही हेच सांगतात: एकच डाव असेल तर कुणीतरी हरल्यासारखं वाटतं, पण डाव पुन्हा पुन्हा होणार असेल तर पाळ्या लावता येतात. फक्त पाळी कुणाची झाली हे दोघांना सारखंच आठवायला हवं, म्हणून लिहून ठेवायचं.

दहावा महिना आता पुढच्या महिन्यात आहे. काय ठरतं ते सांगेनच.

तुमच्याकडे असं काही चालू असेल तर आज रात्री जेवणानंतर दोन कागद घ्या. शहराचं नाव लिहायचं नाही, एवढाच नियम. आणि ऑफर लेटरवर सही त्याआधी करू नका, प्लीज.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!